कल्पसूत्राचं अक्षर आता पत्रिकेवर



पर्युषणाची पत्रिका करायची असली की मुलं मोबाईलवर अक्षर निवडायला बसतात. त्यांना 'जैनी' हा फॉन्ट जरूर दाखवा. मुंबईच्या 'एक टाईप'चा आहे, मैथिली शिंगरे आणि गिरीश दळवी यांनी केलेला, आणि फुकट मिळतो. त्याचं वळण घेतलंय १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखित पोथीवरून.

त्या काळी पोथी लिहवून घेणं हे मोठं पुण्याचं काम. व्यापारी घरं लेखनिकाकडून कल्पसूत्र लिहवून घेत आणि साधूंना वहोरवत. बायकाही मागे नव्हत्या. १४६५ साली जौनपूरला हर्षिणी श्राविकेने सोन्याच्या शाईने कल्पसूत्र लिहवून घेतलं. ती पोथी बडोद्याला नरसिंहजीच्या पोळेतल्या ज्ञानभंडारात आली. (आम्हा नरसिंहपूरकरांना हे नाव वाचून उगाच आनंद!) शाळेत लढायांच्या सनावळ्या घोकल्या, पण या बाईचं नाव कुणी सांगितलं नाही.

बोरूचं टोक तिरपं कापलेलं, म्हणून एकाच अक्षरात एक रेघ जाड, दुसरी बारीक. पानं आडवी आणि लांब, कारण आधी ताडपत्रावर लिहीत. ताडपत्राला दोरा ओवायला भोक असे. कागद आला तशी भोकाची गरज संपली, तरी पानाच्या मधोमध जागा सोडून तिथे लाल टिकली काढत राहिले. रीत अशी सहज सुटत नाही.

वाचताना खरी अडते ती पडिमात्रा. आपण मात्रा डोक्यावर देतो, ते अक्षराच्या आधी उभी रेघ काढत. म्हणजे 'रमेश' लिहिलं तर आपल्याला 'रामश' दिसणार! शिवाय काही अक्षरं आणि जोडाक्षरं आजच्यापेक्षा अगदी वेगळी.

फॉन्ट करणाऱ्यांनी म्हणून दोन प्रकार ठेवलेत. 'जैनी'त आकार आजचे, वळण जुनं. 'जैनी पूर्व'मध्ये आकारही जुनेच. पत्रिकेच्या मथळ्याला पहिला घ्यावा. कार्यक्रमाची वेळ आणि पत्ता नेहमीच्या साध्या अक्षरातच द्या, नाहीतर फोन करून विचारणाऱ्यांनाच उत्तरं देत बसाल. स्तवनांची पुस्तिका तर यात मुळीच नको. हे अक्षर मोठं शोभतं, बारीक केलं की म्हाताऱ्या डोळ्यांना त्रास.

मला मोलाचा वाटतो तो 'पूर्व'. ज्ञानपंचमीला आपण पोथीला वासक्षेप वाहतो, पण ती उघडून चार ओळी वाचणारी घरात कोण आहे? वाचता येत नाही म्हणून पोथ्या कपाटातच राहतात, आणि घर बदलताना त्यांचं काय होतं ते आपण सगळ्या जाणतो. यंदा कार्तिक शुद्ध पंचमीला मुलींची नावं 'जैनी पूर्व'मध्ये छापून त्यांनाच ओळखायला द्यायची, असं आम्ही चौघींनी ठरवलंय. पडिमात्रा मी फळ्यावर काढून दाखवणार आहे. सुरेखा आणि नेहा, तुमच्यापासून सुरुवात!