डायलवर जाऊ नका, मशीन पाहा

राजेहो, आपल्या दर्यापुरात जुनं कपाट उघडलं की चावीचं एखादं घड्याळ निघतंच. बहुतेक वेळा एचएमटी. कापसात चार पैसे राखलेल्या घरात मात्र फेवर-लुबा सापडू शकते. आज तिच्याबद्दल बोलू.

कंपनी स्वित्झर्लंडची, १७३७ ची. मुंबईत ती आली १८६५ मध्ये, आणि वर्ष पाहा कोणतं! अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं तिकडचा कापूस अडला होता, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ ला युद्ध संपलं आणि मुंबईचा बाजार कोसळला. कंपनी मात्र टिकली. एचएमटीचं पहिलं घड्याळ यायला अजून जवळपास शंभर वर्षं होती, ते आलं १९६१ मध्ये.

पुढच्याच वर्षी, १९६२ ला, फेवर-लुबानं २५१ नंबरची मशीन काढली. माझ्या मते कंपनीचं खरं काम ते हेच. चावी दिली की स्प्रिंग गुंडाळली जाते आणि सुटता सुटता घड्याळ चालवते. पण सुरुवातीला ती जोरात ओढते, शेवटी ढिली पडते, त्यामुळं वेळ मागंपुढं होते. इथं एकाऐवजी दोन स्प्रिंगा, दोन डब्यांत. ओढ सारखी राहते आणि एका चावीत घड्याळ पन्नास तास चालतं. एवढं सगळं जेमतेम तीन मिलिमीटर जाडीत!

शौकीन लोक मागचं झाकण उघडून भिंगातून बघतात ते याचसाठी. महागड्या घड्याळात पट्ट्यांच्या कडा तासलेल्या असतात, स्क्रूची डोकी आरशासारखी घासलेली असतात. झाकण लावलं की कुणाला दिसणार नाही, तरी कारागिरानं केलेलं असतं. एचएमटी जनता साधी, नक्षी नाही काही, पण दुरुस्तीला सोपी. मला दोन्ही आवडतात, भांडण नको.

आता कामाचं. ऑनलाइन 'अगदी नवीकोरी' जुनी फेवर-लुबा दिसते ना, भडक रंगाची? तिची डायल बरेचदा पुन्हा रंगवलेली असते. जगभरचे शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुक नाही. आत मशीन भलतीच निघू शकते. म्हणून पैसे देण्याआधी झाकण उघडलेला फोटो मागा. मशीनवर कंपनीचं नाव आहे का, स्क्रूच्या खाचा खरडलेल्या आहेत का, गंज आहे का, ते बघा.

आणि आजोबांचं घड्याळ घडीसाजाकडं नेलं तर आधीच सांगून ठेवा: भाऊ, तेलपाणी करा, डायलला हात लावू नका.