खोतीविरोधी लढा, बाबासाहेब आणि कम्युनिस्ट

बाबासाहेब कम्युनिस्टांचे विरोधक होते, एवढेच आपल्या तरुणांना सांगितले जाते. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे.

पूर्णगड ज्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे, तिथे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला होता. सारा तोच गोळा करी, वर वेठही घेई. १९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर धडकले. त्याला कम्युनिस्टांची साथ होती. ७ नोव्हेंबरचा कामगार संपही दोघांनी मिळून केला.

मग कायमची एकी का झाली नाही? इटलीत १९२१ साली लिव्होर्नोच्या अधिवेशनात समाजवादी पक्ष फुटून कम्युनिस्ट पक्ष निघाला. तिथला वाद क्रांतीचा आणि मॉस्कोच्या अटींचा. इथे वाद जातीचा होता. गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्य कामगाराला जागा नव्हती, कारण धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. 'वर्ग' म्हणताना ही भिंत कुणी मोजायची?

पक्षाचे आमदार शामराव परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. खोती मात्र १९४९ च्या कायद्याने संपली.