पाच वेळा वाचूनही पेपरात का आठवत नाही? प्रकल्प आणि परीक्षेत अध्ययन कौशल्यांचा वापर

परीक्षेच्या आदल्या रात्री धडा चार-पाच वेळा वाचून झालेला असतो. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारलेल्या असतात. तरीही पेपर हातात पडल्यावर उत्तर कुठल्या पानावर होते ते आठवते, पण उत्तर आठवत नाही. प्रकल्पाचीही तीच गत. सबमिशनच्या आदल्या दिवशी इंटरनेटवरून माहिती उतरवून आणि चित्रे चिकटवून फाइल तयार होते. मग तोंडी परीक्षेत ‘हा विषय का निवडला?’ या पहिल्याच प्रश्नाला विद्यार्थी अडखळतो.

दोन्ही ठिकाणी मेहनत झालेली असते, पण ती चुकीच्या जागी खर्च झालेली असते. अभ्यास करण्याच्या काही पद्धती इतरांपेक्षा जास्त उपयोगी असतात, हे मानसशास्त्रातील प्रयोगांनी अनेकदा दाखवून दिले आहे. या पद्धती साध्या आहेत, त्यांना पैसे लागत नाहीत आणि त्या शिकता येतात.

अध्ययन कौशल्ये म्हणजे काय?

माहिती समजून घेणे, लक्षात ठेवणे, हवी तेव्हा आठवणे आणि नव्या प्रश्नासाठी वापरणे यासाठी लागणाऱ्या सवयी आणि पद्धतींना अध्ययन कौशल्ये म्हणतात. वेळेचे नियोजन, टिपणे काढणे, स्वतःला प्रश्न विचारणे, आपली चूक शोधणे आणि उजळणी करणे ही त्यातली मुख्य कौशल्ये.

जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधन एकत्र तपासले. त्यात दोनच पद्धतींना सर्वांत उपयुक्त ठरवले गेले: स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे. पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळी अधोरेखित करणे या विद्यार्थ्यांच्या आवडत्या पद्धती मात्र कमी उपयुक्त गटात गेल्या.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक छोटा उतारा अभ्यासायला दिला. एका गटाने चार सत्रांत तो उतारा फक्त वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहिले.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास मात्र वाचणाऱ्या गटालाच जास्त होता.

घोटाळा इथेच होतो. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘हे येतंय मला’ असा समज होतो. पण पेपरात ओळखायचे नसते, कोऱ्या कागदावर स्वतः आठवून लिहायचे असते. ज्याची परीक्षा होणार, त्याचाच सराव हवा. म्हणून एक विभाग वाचल्यावर पुस्तक बंद करावे, आठवेल तेवढे कच्च्या वहीत लिहावे आणि मग पुस्तक उघडून जे सुटले ते वेगळ्या रंगाने भरावे. वेगळ्या रंगात जे दिसते, तोच पुढचा अभ्यास.

एका रात्रीत सहा तास की सहा दिवस एक-एक तास?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती काळाने किती विसरले जातात याची त्यांनी नोंद ठेवली आणि १८८५ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. विसरणे सुरुवातीला फार झपाट्याने होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो, हे त्यातून दिसले. थोडे विसरायला लागल्यावर उजळणी केली की ती आठवण जास्त काळ टिकते.

म्हणजे तेवढेच तास विभागून दिले तर फायदा जास्त होतो. एका धड्याची उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने अशी करता येते. परीक्षा जितकी लांब, तितके दोन उजळण्यांमधले अंतर वाढवता येते. आदल्या रात्रीचे जागरण उद्याच्या पेपरापुरते कामी येऊ शकते, पण युनिट टेस्टसाठी रात्रीत पाठ केलेला धडा वार्षिक परीक्षेच्या वेळी पुन्हा नव्याने करावा लागतो.

गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणे का पुरत नाहीत?

उदाहरणसंग्रहात एकाच सूत्रावरची उदाहरणे ओळीने येतात. कोणते सूत्र वापरायचे ते आधीच ठाऊक असते, त्यामुळे ती पटापट सुटतात. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी घनाकृतींचे घनफळ काढण्याची उदाहरणे प्रकारानुसार सोडवली, तर काहींनी सगळे प्रकार मिसळून सोडवले. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, दुसऱ्याची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि दुसरा ६३ टक्क्यांवर राहिला.

परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर सूत्राचे नाव लिहिलेले नसते. कोणती पद्धत लावायची हे ओळखणे हाच अर्धा प्रश्न असतो. म्हणून धडा संपल्यावर जुन्या धड्यांतली दोन-चार उदाहरणे मिसळून सोडवावीत.

प्रकल्पात हीच कौशल्ये कशी वापरायची?

‘पाणी वाचवा’ हा प्रकल्पांच्या यादीतला नेहमीचा विषय. त्याची तयार माहिती कुठेही मिळते आणि म्हणूनच त्यातून फारसे शिकायला मिळत नाही. हाच विषय प्रश्नाच्या रूपात मांडला तर काम बदलते: ‘आमच्या इमारतीत किती नळ गळतात आणि त्यातून दिवसाला किती पाणी वाया जाते?’

याचे उत्तर इंटरनेटवर नाही, ते मोजावे लागते. गळत्या नळाखाली पाच मिनिटे मापपात्र धरले आणि १५ मिलिलिटर पाणी जमले, तर तासाला १८० मिलिलिटर आणि दिवसाला ४ लिटर ३२० मिलिलिटर पाणी जाते. महिन्याचा हिशेब जवळपास १३० लिटरचा होतो. असे सहा नळ सापडले तर प्रकल्पाला तक्ता मिळतो, आलेख मिळतो आणि निष्कर्षही मिळतो. एका नळाचे मोजमाप दुसऱ्या दिवशी वेगळे आले, तर तसे का झाले हा नवा प्रश्न मिळतो. न जुळलेला आकडा खोडून टाकण्याऐवजी तो नोंदवून त्याचे कारण शोधणे, हे प्रकल्पातले मोठे शिक्षण आहे.

मुंबईत १९८१ पासून घेतल्या जाणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर विद्यार्थ्याला कृती संशोधन प्रकल्प करावा लागतो आणि त्यावर मुलाखत द्यावी लागते. फाइल कितीही देखणी असली तरी स्वतः केलेले काम मुलाखतीत लपत नाही, आणि न केलेलेही लपत नाही.

तोंडी परीक्षेची तयारी म्हणजे पुन्हा आठवण्याचाच सराव. फाइल बंद करून घरातल्या कुणाला तरी तीन मिनिटांत प्रकल्प समजावून सांगावा. आजीला समजला तर परीक्षकालाही समजेल. जिथे अडखळायला होते, तिथे अजून काम बाकी आहे.

‘दोन दिवसांत होईल’ हा अंदाज का चुकतो?

रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना काम कधी संपेल ते विचारले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सुमारे ५६ दिवस लागले. याला नियोजनाचा भ्रम म्हणतात. सगळे सुरळीत होईल असे धरून माणूस अंदाज बांधतो. पावसात गेलेली वीज, मित्राकडे राहिलेली वही आणि दुकानात संपलेला प्रिंटरचा कागद त्यात धरलेला नसतो.

यावर उपाय म्हणजे मागच्या प्रकल्पाला खरोखर किती दिवस लागले होते ते आठवणे आणि काम तुकड्यांत वाटणे. चार आठवडे असतील तर पहिला आठवडा प्रश्न ठरवायला, दुसरा मोजमाप आणि नोंदींना, तिसरा कच्च्या लेखनाला आणि चौथा दुरुस्ती व सजावटीला द्यावा. गटात काम असेल तर कोण काय करणार हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहावे. नाहीतर शेवटी एकच जण राबतो आणि नावे पाच जणांची लागतात.

मूल्यमापन फक्त शेवटी नसते

महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्याचे दोन भाग आहेत. शिकत असतानाच होणारे ते आकारिक मूल्यमापन, ज्यात निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प आणि स्वाध्याय येतात. सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित मूल्यमापन. आकारिक मूल्यमापनाचा हेतू मूल कुठे अडले ते वेळेत कळावे हा आहे.

दहावीला या वर्षभराच्या कामाचे वजन किती, यावर मोठा वाद झाला आहे. २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे अंतर्गत गुण बंद होते. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही तेव्हाच बदलला होता, त्यामुळे सगळी घसरण गुणपद्धतीच्या माथी मारता येत नाही. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. २०२१ मध्ये कोरोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालावर आणि दहावीतल्या अंतर्गत कामावर निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला. अंतर्गत गुण सरसकट वाटले जातात अशी शंका त्यामुळे आणखी बळावली.

मात्र बारावीनंतर प्रवेश परीक्षा आणि पुढे महाविद्यालयातले खरे प्रकल्प समोर येतात. तिथे वाटलेले गुण कामी येत नाहीत, केलेले काम येते.

तपासलेल्या पेपरचे काय करायचे?

बहुतेक विद्यार्थी गुण बघतात, बेरीज तपासतात आणि पेपर दप्तरात कोंबतात. इस्रायलमधील रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची पुढची कामगिरी सर्वांत चांगली राहिली. गुण आणि शेरा दोन्ही मिळाले तेव्हा शेऱ्याचा हा फायदा दिसला नाही.

म्हणून पेपर मिळाल्यावर चुकांची वही उघडावी आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: आठवले नाही, समजले नव्हते, प्रश्न नीट वाचला नाही की वेळ पुरला नाही. चौघांचे उपाय वेगळे आहेत. आठवले नसेल तर उजळणी हवी, समजले नसेल तर शिक्षकांना विचारायला हवे आणि वेळ पुरला नसेल तर घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला हवी. ‘अजून जास्त अभ्यास कर’ या एका सल्ल्यात यातले काहीच येत नाही.

पालकांनी काय करावे?

प्रकल्प स्वतः करून देण्याचा मोह टाळणे ही पहिली मदत. ‘किती तास बसलास?’ याऐवजी ‘पुस्तक न बघता काय सांगता येतंय?’ असे विचारता येते. आठवून लिहिण्याचा सराव सुरुवातीला जड जातो, कारण त्यात आपल्याला काय येत नाही ते लगेच दिसते. मूल कंटाळून पुन्हा नुसत्या वाचनाकडे वळते ते याच टप्प्यावर. त्या पहिल्या काही दिवसांत कच्च्या वहीतल्या चुकांवर कोणी रागावले नाही, तर सवय लागण्याची शक्यता वाढते.