धावफलकाबाहेरचा माणूस

झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम आणि रणजी करंडकाचा हंगाम साधारणपणे एकाच सुमारास चालतात. भाऊबीज उलटली की वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळांकडे तारखा ठरू लागतात, आणि धान निघालेल्या बांध्यांच्या शेजारी मांडव घालून रात्ररात्र प्रयोग रंगतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आम्हा रहिवाशांना या रंगभूमीने एक गोष्ट फार पूर्वीच शिकवली आहे. नटांची नावे गावोगाव पाठ असतात. पण कोणाला कोणती भूमिका द्यायची, पहाटे तीनच्या सुमारास पेंगणारा प्रेक्षक कोणत्या प्रवेशाने जागा करायचा, हे ठरवून विंगेत उभा राहणारा माणूस कोण, असे सहसा कोणी विचारत नाही. क्रिकेटच्या इतिहासलेखनातही हाच प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, आणि चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीचा विचार करताना तो टाळता येत नाही.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळाने असा माणूस पहिल्यापासून मान्य केला. तिथे त्याला मॅनेजर म्हणतात आणि त्याच्या नावावर जय-पराजय नोंदले जातात. कॉनी मॅक हे १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षे फिलाडेल्फियाच्या एकाच संघाचे मॅनेजर होते. खेळाडूंचा गणवेश न घालता साधा सूट घालून ते बसत. सर्वाधिक विजय त्यांच्या नावावर आहेत आणि सर्वाधिक पराभवही. क्रिकेटमध्ये मैदानावरची सत्ता कर्णधाराची. प्रशिक्षक फार उशिरा आला, आणि आला तोही धावफलकाच्या बाहेर. त्यामुळे पंडितांच्या खात्यावर प्रशिक्षक म्हणून सहा रणजी करंडक आहेत हे सांगताना ते तीन वेगवेगळ्या संघांच्या इतिहासांतून वेचून आणावे लागतात.

खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. जन्म मुंबईचा, १९६१चा; गुरू रमाकांत आचरेकर; भूमिका यष्टिरक्षक-फलंदाजाची. पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने. १९८६ साली लीड्सला कसोटी पदार्पण झाले ते केवळ फलंदाज म्हणून, कारण यष्टींमागे किरण मोरे होते. दुसऱ्याच्या सावलीत उभे राहण्याचा सराव इथूनच झाला असावा, असा तर्क करण्याचा मोह होतो. पण चरित्रकाराने असले मोह आवरावेत.

तर्काची गरज नसलेला प्रसंग मात्र एक आहे. १९९८-९९च्या हंगामात पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार होते. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना होता. पहिल्या डावाची आघाडी मध्य प्रदेशाने घेतली. अनिर्णित सामन्यात आघाडीवर करंडक मिळतो, म्हणजे अखेरच्या दिवशी केवळ टिकून राहणे पुरेसे होते. संघ टिकला नाही. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे डाव कोसळला आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले. शेवटच्या काही तासांत एखादा संघ स्वतःवरचा विश्वास कसा गमावतो, हे या कर्णधाराने आतून पाहिले. पुढील दोन तपांचे त्यांचे काम या एका दृश्याला दिलेले उत्तर आहे, असे आम्हाला वाटते.

मुंबईबरोबर २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन करंडक त्यांनी मिळवले. मुंबईला करंडकाची सवयच होती, त्यामुळे प्रशिक्षकाच्या वाट्याला कौतुक कमीच आले. २०१६-१७चा अंतिम सामना मुंबई हरली. त्यानंतर पंडित विदर्भाकडे आले.

येथे थोडे मागे जायला हवे. नागपूरचे सी. के. नायडू यांना होळकर संस्थानाने इंदूरला नेले, आणि पुढे होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. आमच्या मातीतला श्रेष्ठ खेळाडू बाहेर जाऊन दुसऱ्याचा संघ घडवतो, ही विदर्भाच्या क्रिकेटची जणू जन्मकथा. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ पासून रणजी खेळू लागला. त्यानंतरची साठ वर्षे त्याला एकदाही अंतिम सामना गाठता आला नाही. सामना वाचवला की समाधान, मोठ्या संघाच्या एखाद्या फलंदाजाला लवकर बाद केले की उत्सव. चंद्रपूरकडे तर या संघाविषयी आणखी एक दुरावा होता. नावात विदर्भ असला तरी तो नागपूरचाच संघ, ही आमच्याकडची जुनी तक्रार. ती निराधार नाही, आणि करंडकांनी ती मिटली असेही नाही.

२०१७-१८चा उपान्त्य सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, पुन्हा कर्नाटकाशीच. पहिल्या डावात विदर्भ १८५ धावांत बाद. कर्नाटकाने ३०१ करून मोठी आघाडी घेतली. जुना विदर्भ इथेच संपला असता. दुसऱ्या डावात ३१३ झाल्या. कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य होते आणि चौथ्या दिवसअखेर त्यांचे सात गडी १११ धावांवर बाद होते. पाचव्या सकाळी मात्र शेपटाने धावा जोडत जोडत १९२ पर्यंत मजल मारली. सामना हातातून निसटत असताना, सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबानीने उरलेले बळी मिळवले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. त्या सकाळी पंडितांना करण्यासारखे काहीही नव्हते, हे लक्षात घ्यावे. सीमारेषेबाहेर बसून पाहणे, एवढेच. प्रशिक्षकाचे काम तोवर संपलेले असते. उरते ती त्याची परीक्षा, आणि ती दुसऱ्यांनी द्यायची असते.

अंतिम सामना इंदूरला झाला, होळकरांचे नाव असलेल्या मैदानावर. गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकर या त्याच हंगामात पदार्पण केलेल्या यष्टिरक्षकाने १३३ धावा केल्या, आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून विजयी झाला. पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव करून करंडक राखला. त्या सामन्यात आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले. चेतेश्वर पुजारा त्याच्यापुढे १ आणि ० वर बाद झाला.

या यशाचे श्रेय कोणाचे? नागपूरच्या निवासी अकादमीचे काम पंडित येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. कर्णधार फैज फजल इथलाच. वसीम जाफर २०१५-१६ पासून संघात होता आणि दुसऱ्या विजयाच्या हंगामात, चाळिशीत, त्याने हजारावर धावा केल्या. म्हणजे धान पिकलेले होते, पंडितांनी फक्त कापणी केली, असे म्हणता येईल. आम्हाला हे पूर्ण पटत नाही. पीक उभे असूनही विदर्भाचे हंगाम पूर्वी वाया गेले होते. पंडितांची शिस्त कठोर. लांबलचक शिबिरे, वेळेबाबत हेडमास्तरी काटेकोरपणा आणि नावाजलेल्या खेळाडूलाही सूट नाही. या शिस्तीचा काच अनेकांना झाला असणार. पण हरण्याला सभ्य नाव देण्याची सवय तिने मोडली.

राहिला बाहेरच्या माणसाचा प्रश्न. झाडीपट्टीला यात काही नवे नाही. मुंबई-पुण्याचा नट मानधन घेऊन येतो, हंगाम करतो, परत जातो. त्याच्याबरोबर उभे राहणारा स्थानिक नट त्या हंगामात काय शिकला, हे पुढच्या हंगामात कळते.

पंडितही गेले. २०२०च्या मार्चमध्ये ते मध्य प्रदेशचे प्रशिक्षक झाले आणि २६ जून २०२२ रोजी, त्याच चिन्नास्वामी मैदानावर, त्यांच्या संघाने मुंबईला सहा गड्यांनी हरवले. तेवीस वर्षांनंतर तिथे उभ्या असलेल्या या कठोर माणसाला रडू आवरले नाही. ती छायाचित्रे सर्वत्र छापून आली. पुढे कोलकाता नाइट रायडर्सचे ते प्रशिक्षक झाले. २०२४ साली त्या संघाने आयपीएल जिंकली, तेव्हा श्रेयाचा मोठा वाटा मार्गदर्शक गौतम गंभीर यांच्याकडे गेला. पुढच्या वर्षी संघ आठवा आला आणि जुलै २०२५ मध्ये पंडित तेथून बाहेर पडले. परदेशी खेळाडूंना त्यांची लष्करी पद्धत रुचली नाही, अशीही चर्चा झाली. दोन-अडीच महिन्यांच्या जत्रेत हेडमास्तराचे फारसे चालत नाही, हे समजण्याजोगे आहे.

२ मार्च २०२५ रोजी जामठ्याला विदर्भाने पहिल्या डावाच्या आघाडीवर केरळला मागे टाकून तिसरा करंडक घेतला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी मिळवून स्पर्धेचा विक्रम केला होता. कर्णधार होता अक्षय वाडकर, इंदूरला शतक करणारा तोच यष्टिरक्षक. प्रशिक्षक होते विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान गनी. दुसऱ्या दिवशी चंद्रपुरात चहाच्या टपरीवर दुबेचे आणि वाडकरचे नाव निघाले. गनींचे नाव आम्हीच काढले, तेव्हा ते कोण, असे समोरच्याने विचारले.