अजिंक्य, पण कोणासमोर?
अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा विजेता पूर्वी पत्रकार व प्रशिक्षकांच्या मतांनी ठरे. १९८४ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने १३ पैकी १३ सामने जिंकले. परंतु त्याचा गट, वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स, दुबळा मानला जाई. सलामीला त्याने नमवलेला पिट्सबर्ग तेव्हा देशात तिसरा होता. मोसमाअखेर त्याच्या खात्यात अवघे ३ विजय होते. मग प्रतिस्पर्ध्याचे बळ कोणत्या दिवशीचे मोजावे? अखेरच्या लढतीत हरवलेल्या मिशिगननेही ६ सामने जिंकले, ६ गमावले. उलट वॉशिंग्टनने बलाढ्य ओक्लाहोमाला २८-१७ असे नमवले होते. त्याला एकच पराभव भोवला. कौल ब्रिगहॅम यंगलाच मिळाला. १९९८ मध्ये आलेल्या बीसीएस क्रमवारीने वेळापत्रकाचे काठिण्य सूत्रात स्वतंत्रपणे मोजले. २००४ मध्ये तो घटकही वगळला गेला.