कापसाचा आकडा, शब्दकोडं आणि लूट बॉक्स

मंडळी, या वीकेंडला जरा इतिहासात फिरून येऊ. विषय मात्र ताजा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला आणि 22 ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावायची रमी, फँटसी क्रिकेट, सगळं एका झटक्यात त्यात आलं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. मोबाइल गेममध्ये त्या चमचमत्या पेट्या असतात ना, पैसे भरून उघडायच्या आणि आत काय निघेल ते नशिबावर... त्यांचं काय? तो जुगार नाही का?

उत्तर शोधायला गेलो आणि थेट 1867 मध्ये पोचलो. त्या वर्षी आपल्या नागपूरला दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे भुसावळहून रेल्वे, वऱ्हाडचा कापूस मुंबईला न्यायला. दुसरी म्हणजे सार्वजनिक जुगाराविरुद्धचा इंग्रजांचा कायदा. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं आणि हा कायदा ज्या प्रांतांसाठी केला, त्यात मध्य प्रांतही होता. त्यात एक छोटंसं कलम होतं: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. मुंबई इलाख्याच्या 1887च्या कायद्यातही अशीच सूट होती. म्हणजे डोकं चालवून जिंकलात तर खेळ, नशिबानं जिंकलात तर जुगार. दिसायला किती साधी if-else कंडिशन, नाही का? पण पुढची दीडशे वर्षं सगळ्यांनी मिळून याच कंडिशनला बायपास शोधला :)

पहिला बायपास कापसाचाच. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईला तारेनं यायचे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. बोलायला कापसाचा व्यापार, प्रत्यक्षात आकड्याचा खेळ. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं. आता खरं तर खेळ संपायला हवा होता, पण झालं उलटंच. 1962 मध्ये कल्याणजी भगतनं आणि 1964 मध्ये रतन खत्रीनं आपापले मटके सुरू केले. कापूस गेला, नुसता आकडा उरला. यावरून एक गोष्ट कळते: कापूस तिथे फक्त रॅपर होता!

मटक्याचं गणित बघा. एक्का ते दहा असे पत्ते. त्यातले तीन काढायचे, बेरीज करायची आणि शेवटचा अंक घ्यायचा. 4, 7, 8 निघाले तर बेरीज 19, म्हणून आकडा 9. हा झाला 'ओपन'. रात्री पुन्हा तसाच 'क्लोज'. दोन्ही मिळून 'जोडी'. एका आकड्याला साधारण रुपयाला नऊ रुपये, जोडीला नव्वद. आकडे दहा आणि मिळणार नऊ, म्हणजे ढोबळमानानं रुपयामागे दहा पैसे धंदेवाल्याचे. गिरणीतल्या कामगारालाही हे तोंडपाठ होतं. मटक्यानं कित्येक घरं बसवली, त्याचं कौतुक अजिबात नाही. मुद्दा एवढाच की आपण कशासाठी किती मोजतोय हे खेळणाऱ्याला माहीत होतं.

दुसरा बायपास जास्त हुशार होता. 1950च्या सुमारास बक्षिसाच्या शब्दकोड्यांचा सुळसुळाट झाला होता. आर. एम. डी. चामरबागवाला यांची स्पर्धा बंगळूरहून निघणाऱ्या साप्ताहिकातून चालायची आणि मुंबई राज्यात खूप खपायची. शब्दकोडं म्हणजे बुद्धीचा खेळ, त्याला कोण जुगार म्हणणार? पण गंमत अशी की एका सूचनेला दोन-दोन शब्द बसायचे. त्यातला जास्त चपखल शब्द लिहून भागत नव्हतं, आयोजकांनी आधीच सीलबंद ठेवलेल्या उत्तराशी तुमचं उत्तर जुळायला हवं! मुंबई राज्यानं यावर कर लावला, प्रकरण कोर्टात गेलं. 9 एप्रिल 1957 रोजी सरन्यायाधीश एस. आर. दास यांच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला: हा जुगार आहे आणि जुगार हा घटनेनं संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. निकालात ऋग्वेद आणि महाभारताचेही दाखले आहेत. म्हणजे युधिष्ठिराचा फासा आणि वर्तमानपत्रातलं कोडं एकाच फायलीत!

मला या निकालात आवडलं ते हे की कोर्टानं पाटी वाचली नाही, आतली यंत्रणा उघडून पाहिली. आपल्या भाषेत सांगायचं तर जाहिरात सोडून थेट सोर्स कोड वाचला.

पुढे मात्र गाडी पुन्हा 'कौशल्य की नशीब' या रुळावर गेली. 1967 मध्ये सुप्रीम कोर्टानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, 2019 मध्ये मुंबई हायकोर्टानं फँटसी क्रिकेटच्या बाजूनं निकाल दिला. 2025च्या कायद्यानं ही जुनी कंडिशनच काढून टाकली. कौशल्य असो वा नशीब, पैसे किंवा तशाच लाभाच्या अपेक्षेनं पैसे लावले की बंदी.

आणि इथे आपली पेटी निसटायला बघते. पेटीतून रोख निघत नाही. निघतो बंदुकीचा रंग, एखादा ड्रेस, एखादं पात्र. 'लाभ'च नाही, मग जुगार कसला, असा वाद घालायला जागा आहे. पण आतली यंत्रणा बघू. समजा दुर्मिळ वस्तू निघण्याची शक्यता 1 टक्का आहे, म्हणजे अगदी मटक्यातल्या जोडीएवढी. शंभर पेट्या उघडल्या तरी ती एकदाही न मिळण्याची शक्यता 0.99 चा 100 वा घात, जवळजवळ 37 टक्के. शंभरातल्या सदतीस पोरांनी शंभर पेट्यांचे पैसे घातले आणि हाती काही नाही! त्यातून पैसे रुपयांत दिसतच नाहीत. आधी रुपयांचे हिरे, मग हिऱ्यांचे टोकन, मग टोकनची पेटी. मटकेवाला निदान रुपया रुपयातच मोजायचा.

कोणी म्हणेल, चिप्सच्या पाकिटातले टॅझोसुद्धा असेच निघायचे की! खरंय. पण टॅझो कुठलाही निघो, चिप्स पोटात जायच्या. दुकान रात्री बंद व्हायचं. आणि दुकानदाराला आपण काल किती पाकिटं घेतली, कुठल्या टॅझोवर जीव आहे, हे माहीत नसायचं. गेमच्या सर्व्हरला ते सगळं माहीत असतं.

जगात काही ठिकाणी यावर विचार झालाय. जपाननं 2012 मध्ये 'कम्प्लीट गाचा' बेकायदा ठरवला. त्यात पेट्यांतून निघालेल्या वस्तूंचा पूर्ण सेट जमला तरच मोठं बक्षीस मिळायचं. चीननं 2017 पासून शक्यता जाहीर करायला लावल्या. बेल्जियमनं 2018 मध्ये काही खेळांतल्या विकतच्या पेट्या सरळ जुगारात मोजल्या. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत 'गेन्शिन इम्पॅक्ट'च्या कंपनीनं 2 कोटी डॉलर मान्य केले. शिवाय 16 वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या विकायच्या नाहीत, आणि पेट्यांतल्या शक्यता व आभासी चलनाचा दर उघड करायचा, अशा अटी आल्या.

थोडक्यात काय, तर 'कौशल्य की नशीब' हा प्रश्नच अपुरा होता. मला वाटतं तीन साधे प्रश्न पुरेत. पैसे देण्याआधी खेळणाऱ्याला खरी किंमत रुपयांत दिसते का? शक्यता दिसते का, आणि ती सगळ्यांना सारखीच आहे का? समोर लहान मूल असेल तर कोणी त्याला थांबवतं का? तिन्हींची उत्तरं 'नाही' असतील, तर पेटीतून रोख निघो की लाल शर्ट, काय फरक पडतो?

आणि हे प्रश्न फक्त कोर्टासाठी नाहीत. मटक्याचे पत्ते काढणारा हात एकाचाच होता. पेटीचा रँडम नंबर काढणारं फंक्शन मात्र तुमच्या-माझ्यासारखंच कोणीतरी लिहितं, कोणी टेस्ट करतं, कोणी सोमवारच्या मीटिंगमध्ये 'कन्व्हर्जन वाढलं' म्हणून टाळ्या घेतं. त्या मीटिंगमध्ये बसलेल्या एकानं जरी विचारलं, 'शक्यता स्क्रीनवर दाखवायची का?', तरी कायद्याची वाट बघायला नको.

असो. टाळ्या कमी पडतील, पण विचारून बघा. पुढच्या शनिवारी भेटूच!