निकोला टेस्ला याची बिनतारी नौका व तिचा अस्सल कागद

गेल्या वर्षीं आमचे एक स्नेही, जुन्या गलबतांच्या चित्रांचे संग्राहक, एक लांकडी नौका घेऊन आमच्याकडे आले. पेटींत सुटे भाग मिळतात, ते जुळवून कपाटांत ठेवावयाच्या ज्या शोभेच्या प्रतिकृति, त्यांतलीच ही एक. बंदरांत मोठीं जहाजें ओढणाऱ्या आगबोटीची, मूळ मापाच्या पन्नासाव्या हिश्शाची. ही पाण्यांत सोडून कांठावरून बिनतारी हांकतां यावी, अशी त्यांची इच्छा होती. नौकेचें पुढें काय झालें तें खालीं येईलच. परंतु कामास हात घालण्यापूर्वीं, असा प्रकार पहिल्यानें कोणीं व कसा केला तें मूळ कागदांवरून पाहावें असें मनांत आलें, आणि पाहूं लागतांच साधनचिकित्सेचा एक चांगला गुंता हातीं लागला. बखर आणि अस्सल कागद यांचा मेळ बसत नसतां काय करावें, हा आमच्या वाचकांचा नित्याचा प्रश्न. तोच प्रश्न येथें न्यूयॉर्क शहरांतील सव्वाशे वर्षांपूर्वींच्या एका हकीकतीविषयीं उभा राहतो.

प्रचलित हकीकत अशी. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील विद्युत्-प्रदर्शनांत पाण्याच्या हौदांत एक लहान नौका सोडली. तारेचा संबंध कोठेंच नसतां ती प्रेक्षक सांगतील तिकडे वळे, थांबे, दिवे लावी. कोणीं चौसष्टाचें घनमूळ विचारलें, तेव्हां तिचे दिवे चार वेळां चमकले. कोणास वाटलें कीं आंत शिकविलेलें माकड बसविलें आहे. कोणास वाटलें कीं टेस्ला निव्वळ मनोबलानें तिला हांकीत आहे. हकीकत रसाळ आहे यांत शंका नाहीं. पण बखर जितकी रसाळ तितकी ती अधिक तपासून घ्यावी, हा आमचा जुना परिपाठ आहे.

अडचण तारखेपासूनच सुरू होते. प्रदर्शन भरलें तें १८९८ च्या मे महिन्यांत. पुढील अनेक लेखकांनीं मात्र सप्टेंबर लिहिला आहे, आणि एकाचें पाहून दुसऱ्यानें उतरून घेतला आहे. खुद्द टेस्ला यानें १९१९ सालीं ‘इलेक्ट्रिकल एक्स्पेरिमेंटर’ या मासिकांत आपलें आत्मवृत्त क्रमशः छापलें, त्यांत नौका प्रथम दाखविल्याचा काळ १८९८ चा आरंभ असा दिला आहे. परंतु हें आत्मवृत्त घटनेनंतर एकवीस वर्षांनीं लिहिलेलें आहे हें विसरतां कामा नये. पेटंटाचा अर्ज १ जुलै १८९८ चा. पेटंट मिळालें ८ नोव्हेंबर १८९८ रोजीं. आणि वृत्तपत्रांनीं जो गाजावाजा केला तो त्याच नोव्हेंबरांतला. मे महिन्यांत सहस्रावधि लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलेली वस्तु नोव्हेंबरांत अपूर्व म्हणून छापली जावी, हें चमत्कारिक दिसतें. अर्ज प्रदर्शनानंतरचा आहे एवढ्यावरून मात्र प्रदर्शनाची कथा खोटी ठरत नाहीं. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें वस्तु लोकांपुढें आल्यावर दोन वर्षांच्या आंत अर्ज करण्याची मोकळीक होती. शिवाय त्या वर्षीं नौकांचा विषय सर्वांच्या तोंडीं होता. ‘मेन’ ही युद्धनौका १५ फेब्रुवारीला हवानाच्या बंदरांत स्फोटानें बुडाली होती आणि एप्रिलांत अमेरिका व स्पेन यांचें युद्ध जुंपलें होतें. टेस्ला यानें त्या वर्षाच्या पूर्वार्धांत आपली नौका कांहीं जणांस चालवून दाखविली असावी, हें मानण्यास आमची हरकत नाहीं. भर प्रदर्शनांत, जनसमुदायाच्या फर्माइशीप्रमाणें ती नाचविली, हा भाग मात्र समकालीन छापील पुरावा पुढें येईपर्यंत बखरीच्या सदरांतच ठेवावा.

आतां अस्सल कागद. तो म्हणजे अमेरिकेचें पेटंट क्रमांक ६१३८०९. चालत्या नौकांचें किंवा वाहनांचें यंत्र दुरून ताब्यांत ठेवण्याची रीत व साधन, असा त्याचा विषय आहे. सोबत दहा आकृति आहेत. कागदाची भाषा रुक्ष आहे आणि हेंच त्याचें भूषण. येथें माकड नाहीं, घनमूळ नाहीं. नौकेच्या पोटांत विजेचे संचायक. त्यांवर चालणारी एक मोटर, तिच्या दांड्याच्या टोंकाला मळसूत्री पंखा. दुसरी एक लहान मोटर केवळ सुकाणूसाठीं, तिच्या दांड्यावरच्या मळसूत्रानें दांतेरी चाक फिरे व चाकांच्या जोडीनें सुकाणू डावें-उजवें होई. इतकें कोणत्याही कुशल कारागिराच्या आवांक्यांतलें होतें. बिनतारी संदेश ग्रहण करण्याचें साधन म्हणजे धातूच्या कणांची एक नळी. एरवीं हे कण विजेस वाट देत नाहींत; विद्युत्तरंग येतांच एकमेकांस धरतात आणि प्रवाह वाहूं लागतो. परंतु एकदां धरलेले कण आपोआप सुटत नाहींत, त्यांना हलवावें लागतें. टेस्ला यानें नळी प्रत्येक संदेशानंतर उलटी व्हावी अशी योजना केली. कण खालीं कोसळत व नळी नव्या संदेशास मोकळी होई. वाळूच्या घटिकापात्राची आठवण व्हावी अशी ही युक्ति आहे.

खरें महत्त्व याच्या पुढच्या भागाचें. या नळीला एकच शब्द कळे. तरंग आला किंवा आला नाहीं, एवढेंच. ‘डावीकडे वळ’ व ‘उजवीकडे वळ’ असे दोन निरनिराळे हुकूम कांठावरून जातच नव्हते. नौकेंत एक फिरतें चक्र होतें, घड्याळांत चाकाचा एकेक दांत सोडणारी अडकण असते तशा अडकणीनें अडविलेलें; संदेश येतांच तें एक पायरी पुढें सरके. एका पायरीवर सुकाणूची मोटर एका अंगास फिरे, पुढच्या पायरीवर थांबे, त्यापुढें दुसऱ्या अंगास फिरे, पुन्हां थांबे, आणि क्रम पहिल्यापासून सुरू. म्हणजे हुकमांची यादी नौकेच्या पोटांतच होती. कांठावरचा मनुष्य फक्त ‘पुढचें’ एवढेंच म्हणूं शके. आणि पुढचें काय हें त्यानें स्वतः लक्षांत ठेवावयाचें. आमच्या मतें हीच या कागदांतील मुख्य गोष्ट असून बहुतेक बखरकारांच्या हातून तीच निसटली आहे.

याचा अनुभव घ्यावा म्हणून आम्हीं स्नेह्यांच्या नौकेकडे वळलों. शोभेच्या नौकेस पाण्यांत घालणें वाटतें तितकें सोपें नाहीं. प्रथम वजनाचा हिशेब. लांबी पन्नासाव्या हिश्शाची म्हणजे वजन पन्नासाच्या घनाच्या, अर्थात् १,२५,००० व्या हिश्शाचें; मूळ आगबोट शंभर टन पाणी बाजूस सारीत असेल तर प्रतिकृतीनें सारें सामान धरून ८०० ग्रॅमच सारावयाचें, नाहींतर बाजूवर रंगविलेली पाण्याची रेघ बुडालीच. या ८०० ग्रॅममध्यें लांकूड, मोटर, बॅटरी, संदेशग्राहक व स्थैर्यासाठीं तळाशीं घालावयाचें शिसें, सर्व बसलें पाहिजे. पंखा दिसावयास सुबक होता, पण त्याचीं पातीं पाणी रेटण्यासाठीं केलेलीं नव्हतीं. तो बदलावा लागला. सुकाणू चिकटविलेलें होतें आणि हुबेहूब प्रमाणांतलें असल्यामुळें संथ चालींत नौका वळवावयास अपुरें. नवें, जरा रुंद, करून बसविलें. पंख्याचा दांडा पाण्याबाहेर येऊं न देतां आंत न्यावयाचा म्हणून पितळी नळींत बसवून नळी वंगणानें भरली. इतकें करूनही पहिल्या दिवशीं नौका अंगणांतल्या हौदांत एका कुशीवर निजली, कारण बॅटरी वर ठेवली होती. ती तळाच्या कण्यावर आडवी घातल्यावर नौका ताठ उभी राहिली.

आरंभीं आम्हीं आजकालचा संच बसविला. यांत सुकाणूला एक वाहिनी व मोटरीला दुसरी. हातांतला दांडा जितका वळवावा तितकेंच सुकाणू वळतें. चार वर्षांच्या मुलासही हें जमतें. नंतर तो संच काढून पीळ दिलेल्या रबराच्या पट्टीवर चालणारी जुन्या हौशी लोकांची अडकण बसविली. १९५० नंतरच्या दशकांत घरगुती बिनतारी नौका व विमानें बहुधा अशाच अडकणीवर चालत. ती प्रत्येक संदेशास एक पायरी सरके अशी आम्हीं केली: डावें, मध्य, उजवें, मध्य. आतां परीक्षा झाली. डावीकडे एकदां वळल्यावर पुन्हां डावीकडेच वळावयाचें तर मधल्या तीन पायऱ्या झरझर ओलांडाव्या लागतात, आणि त्यांत नौका क्षणभर उजवीकडे डोकें फिरवितेच. त्याहून वाईट म्हणजे एखादा संदेश मध्येंच हरवला तर हांकणाराची मोजणी व नौकेची पायरी यांत अंतर पडतें. मग आपण डावें म्हणावें व तिनें उजवें ऐकावें. आमची नौका अशीच दोनदां हौदाच्या भिंतीवर आदळली आणि तिची नाळ चेपली. स्नेही कांहीं बोलले नाहींत, पण त्यांचा चेहरा आम्हांस वाचतां आला.

या अनुभवावरून बखरीतील मजकुराची किंमत कांहींशी ठरवितां येते. चार वेळां दिवे चमकविणें सहज शक्य होतें. उत्तर नौकेचें नव्हे, चार संदेश पाठविणाऱ्या टेस्लाचें. प्रेक्षक म्हणतील तिकडे वळणेंही शक्य, पण हांकणारा फार सराईत पाहिजे आणि मधल्या नको असलेल्या पायऱ्या प्रेक्षकांच्या ध्यानांत येऊं नयेत इतका चपळ. जवळ मोठी विजेची ठिणगी पडली तर अशी नळी फसण्याचा संभवही असतो, आणि विद्युत्-प्रदर्शनांत ठिणग्यांना तोटा नसतो. हा दोष टेस्ला यासही जाणवला असावा. १९०० सालीं त्यानें केलेल्या व १९०३ सालीं ७२३१८८ व ७२५६०५ या क्रमांकांनीं मंजूर झालेल्या पेटंटांत, निरनिराळ्या कंपनांचे दोन तरंग एकत्र आल्याशिवाय यंत्रानें हालूंच नये, अशी तजवीज आहे. स्पेनचा लिओनार्दो तोरेस केवेदो यानें आपलें ‘तेलेकिनो’ १९०३ सालीं पॅरिसच्या विज्ञानपरिषदेपुढें मांडलें व १९०६ सालीं बिल्बाओच्या खाडींत राजासमोर नौका हांकून दाखविली, तेंही संदेशांच्या संख्येवर पायरी निवडणारें यंत्र होतें. म्हणजे कल्पनेची परंपरा सरळ आहे. हौशी लोकांची रबरी अडकण तिचीच गरीब वंशज.

एक गोष्ट टेस्ला याच्या बाजूची सांगितली पाहिजे. पेटंट कचेरीच्या मुख्य परीक्षकास दावा खरा वाटेना, म्हणून तो न्यूयॉर्कला येऊन नौका चालतांना पाहून गेला व मगच पेटंट मिळालें, असें आत्मवृत्तांत आहे. साक्ष हितसंबंधी माणसाची खरी. पण मंजुरीची तारीख व आकृतींतील बारकावे पाहतां आम्हांस ती ग्राह्य वाटते. कागदावर रचलेल्या निव्वळ कल्पनेंत नळी उलटी करण्यासारखी खटपट कोणी लिहीत नाहीं. ती पाण्यांत हात भिजल्यावरच सुचते. पेटंटाच्या शेवटीं मात्र तो रुक्षपणा सुटतो. अशी नौका पत्रें व सामान नेईल, दुर्गम प्रदेश शोधील, देवमाशांची शिकार करील, आणि तिच्या संहारक शक्तीच्या भयानें राष्ट्रांत कायमची शांतता नांदेल, असें त्यानें लिहिलें आहे. कायद्याच्या कागदांत असा मजकूर सहसा आढळत नाहीं.

टेस्ला याचे कागद १९५१ सालीं बेलग्राडला गेले व तेथील संग्रहालयांत ते जपून ठेवले आहेत. आमचें काम मात्र मे १८९८ पाशीं अडलें आहे. त्या विद्युत्-प्रदर्शनाची छापील सूची, प्रवेशपत्रिका, किंवा त्या महिन्यांतील न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांचीं कात्रणें कोणा संग्राहकाच्या दप्तरांत असल्यास त्यांनीं ती प्रसिद्धीसाठीं पाठवावीं. नक्कल पाठविल्यास पानाची दुसरी बाजूही अवश्य उतरून घ्यावी, कारण तारीख पुष्कळदां तेथेंच सांपडते.